वितळलेल्या रक्तद्रवाची चिठ्ठी

आजच्या व्याख्यानाचा विषय तळहाताएवढा आहे. रक्तपेढीतल्या पिशवीवर जी चिठ्ठी चिकटवलेली असते, आणि त्यातही गोठवलेला रक्तद्रव वितळवल्यानंतर जी नवी चिठ्ठी लावावी लागते, तिच्याविषयी मी बोलणार आहे. एवढ्याशा कागदासाठी तासभर कशाला बसायचे, असे कोणाच्या मनात आले तर त्यात गैर काही नाही. म्हणून चिठ्ठीपासून सुरुवात न करता एका डोंगरवाटेपासून करतो.

पोलादपूर तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत कुडपण नावाचे गाव आहे. पावसाळ्यात तेथले धबधबे आणि भीमाची काठी नावाचा सुळका पाहायला हौशी माणसे जातात. २०२१ च्या जानेवारीत लग्नाचे वऱ्हाड घेऊन निघालेली एक गाडी ह्याच कुडपणच्या रस्त्यावर दरीत कोसळली. काही माणसे दगावली, कितीतरी जखमी झाली. त्याआधी २०१८ च्या जुलैत ह्याच तालुक्यातल्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली आणि तिच्यातला एकच माणूस वाचला. घाटाच्या मुलखात राहणाऱ्याला ह्या गोष्टी नव्याने सांगायला नकोत.

आता विचार करा. अशा दरीतून जखमीला वर आणायचे, वळणावळणाच्या रस्त्याने पोलादपूरला न्यायचे, तेथून महाडला, आणि गरज पडली तर आणखी पुढे. ह्या वाटेवर तास मोडतात. आतून किंवा बाहेरून रक्त वाहत असते. अशा रोग्याला नुसते तांबडे रक्त देऊन भागत नाही, कारण वाहणारे रक्त थांबवण्याची जी शरीराची शक्ती असते तीही रक्ताबरोबर वाहून गेलेली असते. ती परत द्यायची तर रक्तद्रव द्यावा लागतो. हा रक्तद्रव, म्हणजे दवाखान्यात ज्याला प्लाझ्मा म्हणतात तो, पेढीत दगडासारखा गोठवून ठेवलेला असतो. येथून आपल्या चिठ्ठीची कथा सुरू होते.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. मराठीत आपण ‘रक्त गोठले’ असेही म्हणतो आणि ‘पाणी गोठले’ असेही म्हणतो. ह्या दोन क्रिया अगदी निराळ्या आहेत. जखमेवर रक्ताची गुठळी होते तिला आज मी ‘साकळणे’ म्हणेन, आणि थंडीने बर्फ होतो त्याला ‘गोठणे’ म्हणेन. आपला सारा विषय असा आहे की, साकळण्याची शक्ती टिकावी म्हणून रक्तद्रव गोठवून ठेवतात.

माणसाच्या रक्तात निम्म्याहून थोडा अधिक भाग हा पिवळसर रक्तद्रव असतो. त्याचा बहुतेक भाग पाणीच. परंतु त्या पाण्यात रक्त साकळवणारे घटक विरघळलेले असतात. शास्त्रज्ञांनी त्यांना क्रमांक दिले आहेत. त्यांतले पाचवा आणि आठवा हे दोन फार नाजूक. ऊब लागली की ते हळूहळू निकामी होतात. म्हणून दात्याचे रक्त घेतल्यावर काही तासांच्या आतच यंत्रात फिरवून रक्तद्रव वेगळा करतात आणि ताबडतोब गोठवतात. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे तो शून्याखाली ३० अंश किंवा त्याहून थंड ठेवला तर एक वर्ष चालतो. त्याचे नाव ‘ताजा गोठवलेला रक्तद्रव’. एका पिशवीत साधारण दोनशे ते अडीचशे मिलिलिटर, म्हणजे मोठा पेलाभर.

ह्या पिशवीवर चिठ्ठी असते. ती कोणाच्या मर्जीची गोष्ट नाही. आपल्याकडे रक्त हे कायद्याने औषधात मोडते आणि औषधे नियम, १९४५ ह्यांत रक्ताच्या पिशवीवर काय काय छापलेले असावे हे सांगितलेले आहे. पदार्थाचे नाव, तो कोणत्या दानातून आला ते शोधून काढता येईल असा क्रमांक, रक्त घेतल्याची आणि मुदत संपल्याची तारीख, रक्तगट, कोणत्या उष्णतामानात ठेवावे, कावीळ, एड्स, गरमी, हिवताप इत्यादींच्या तपासण्या झाल्याची नोंद, दाता स्वेच्छेचा की बदली रक्त देणारा, आणि पेढीचा परवाना क्रमांक. चिठ्ठीचा रंगसुद्धा ठरलेला आहे. ओ गटाला निळी, ए गटाला पिवळी, बी गटाला गुलाबी आणि एबी गटाला पांढरी. घाईत, अपुऱ्या उजेडात, दमलेल्या डोळ्यांना अक्षर चुकले तरी रंगाने सावध करावे, हा त्यातला हेतू. २०२० पासून नियमांत ‘रक्तपेढी’ऐवजी ‘रक्तकेंद्र’ हा शब्द आला आहे. लोकांच्या तोंडी मात्र पेढीच आहे, आणि आपणही तोच शब्द वापरू.

चिठ्ठीवरचे एक अक्षर किती वजनाचे असते, ह्याचे उदाहरण आपल्याच मुंबईचे आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक असा रक्तगट शोधून काढला की जो साध्या तपासणीत ओ वाटतो, पण ओ नसतो. ओ गटाच्या पेशींवरही ‘एच’ नावाचा एक पदार्थ असतो. ह्या लोकांच्या पेशींवर तोही नाही. जगाच्या वैद्यकात हा ‘बॉम्बे’ गट म्हणून प्रसिद्ध आहे. अशा माणसाला साधे ओ रक्त दिले तर प्राणावर बेतते. उलट त्याचा रक्तद्रव ‘ओ’ अशी निळी चिठ्ठी लावून ओ गटाच्या रोग्याला दिला, तर रोग्याच्या तांबड्या पेशींवरच हल्ला होतो. म्हणजे चिठ्ठीवरचे अक्षर हे वर्णन नव्हे. कोणीतरी तपासून काढलेला तो निष्कर्ष आहे. तपासणी अपुरी असेल तर सुंदर छापलेले अक्षरही खोटे ठरते.

येथे आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती पुष्कळांना उलटी वाटते. तांबड्या पेशी द्यायच्या तर ओ गट सर्वांना चालतो, हे आपण शाळेत शिकलो. रक्तद्रवाचा हिशेब नेमका उलटा आहे. एबी गटाचा रक्तद्रव सर्वांना चालतो आणि ओ गटाचा फक्त ओ गटालाच. कारण हल्ला करणारे पदार्थ रक्तद्रवात असतात, पेशींवर नव्हेत. म्हणून पिशवीवर ‘ओ’ दिसले की ‘हे कोणालाही चालेल’ असे नातेवाइकाने सुचवू नये. पिशवीत काय आहे ते नाव आधी वाचावे, मग अक्षर.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. डॉक्टरांची मागणी आली. तंत्रज्ञाने शीतपेटीतून पिशवी काढली. ह्या वेळी पिशवी काचेसारखी ठिसूळ असते. हातून पडली तर तडकते. ती दुसऱ्या स्वच्छ पिशवीत घालून, तोंडाला पाणी लागणार नाही अशा बेताने, ३० ते ३७ अंशांच्या पाण्यात ठेवतात. आपल्या अंगाची ऊब ३७ अंश. त्याहून अधिक ऊब देत नाहीत, कारण उकडलेल्या अंड्याचा बलक जसा पुन्हा पातळ होत नाही तसे त्यातले घटक बिघडले की सुधारत नाहीत. वीस-तीस मिनिटांत रक्तद्रव वितळतो. पिशवी हलक्या हाताने हलवून, उजेडाकडे धरून, गळती, गुठळ्या, रंगातला फरक पाहतात. आणि मग, श्रोतेहो, त्या पिशवीवरची जुनी चिठ्ठी अर्धी खोटी झालेली असते.

ती कशी? जुन्या चिठ्ठीवर लिहिले आहे, ‘ताजा गोठवलेला रक्तद्रव, शून्याखाली ३० अंशांवर ठेवा, मुदत अमुक महिन्याची अमुक तारीख.’ पण तो आता गोठलेला नाही. त्या थंडीत त्याला पुन्हा ठेवता येत नाही. आणि ती दूरची तारीख तर सर्वांत धोक्याची, कारण वितळल्यापासून त्याचे आयुष्य तासांनी मोजावे लागते. घरातले उदाहरण घ्या. रात्री दुधाला विरजण लावले. भांडे तेच, गाय तीच, फडताळही तेच. परंतु सकाळी कोणी दूध मागितले तर गृहिणी ते भांडे पुढे करीत नाही. दही वाईट असते म्हणून नव्हे. ते दूध राहिलेले नसते म्हणून.

म्हणून वितळवल्यावर नवी चिठ्ठी लावायची. तिच्यात काय बदलते आणि काय बदलत नाही, हे समजले की सारा विषय समजला. दानाचा क्रमांक बदलत नाही. उद्या रोग्याला काही बाधा झाली, किंवा दात्यात काही रोग मागाहून आढळला, तर त्या क्रमांकाच्या धाग्याने मागे जाता आले पाहिजे. रक्तगट बदलत नाही. बदलते ते नाव, ठेवण्याचे उष्णतामान आणि मुदत. मुदतीच्या जागी आता नुसती तारीख पुरत नाही. तासही लिहावा लागतो. ‘१२ तारीख’ म्हटले तर बारा तारखेची सकाळ की रात्र? वितळवल्याची वेळ, मुदत संपण्याची वेळ आणि काम करणाऱ्याची खूण, ह्या तीन गोष्टी नसतील तर ती पिशवी म्हणजे पत्ता नसलेले पत्र होय. जगात अनेक देशांत पिशवीवर जे पट्ट्यापट्ट्यांचे संकेत छापतात, त्यांतही हीच रीत आहे. दानाचा संकेत तोच राहतो. पदार्थाचा संकेत बदलतो, म्हणजे यंत्रालासुद्धा कळते की हा आता निराळा पदार्थ आहे.

तास किती द्यायचे, ह्याचा विचार त्या नाजूक घटकांवरून करतात. रक्तद्रव वितळवून साध्या शीतपेटीत, १ ते ६ अंशांवर ठेवला, तर आठवा घटक सर्वांत लवकर उतरतो, आणि त्यातली मोठी घट पहिल्याच दिवसात होते. पाचवाही हळूहळू कमी होतो. परंतु गुठळीचे जाळे ज्याचे बनते ते फायब्रिनोजेन आणि इतर पुष्कळ घटक बरेच दिवस टिकून राहतात. म्हणून अमेरिकेत असा पायंडा आहे की, वितळल्यापासून २४ तासांपर्यंत त्याला ताजा गोठवलेला रक्तद्रव म्हणूनच देता येते. त्यानंतर तो फेकून द्यावा, नाही तर ‘ताजा गोठवलेला’ हे शब्द काढून ‘वितळलेला रक्तद्रव’ अशी नवी चिठ्ठी लावावी. ह्या नव्या नावाने तो वितळल्यापासून ५ दिवसांपर्यंत ठेवता येतो. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण वापराला २४ तास, आणि अवचित मोठा रक्तस्राव झालेल्या रोग्यासाठी १२० तासांपर्यंत मुभा आहे. प्रत्येक पेढीने आपल्या लेखी कार्यपद्धतीत जी मर्यादा घातली असेल तीच चिठ्ठीवर यायला हवी. तंत्रज्ञाच्या अंदाजाला येथे जागा नाही.

कोणी विचारील, नाव बदलण्याचा एवढा आग्रह कशासाठी? मुदत लिहिली म्हणजे झाले. तर तसे नाही. समजा, ज्याला पाचवा घटक जन्मतःच कमी आहे असा रोगी आला. त्याच्यासाठी डॉक्टरांनी ताजा गोठवलेला रक्तद्रव मागितला. चौथ्या दिवसाची वितळलेली पिशवी त्याला दिली तर कायद्याची मुदत टळलेली नाही, पण रोग्याला हवी ती वस्तू त्या पिशवीत पुरेशी नाही. तीच पिशवी घाटात पडून जखमी झालेल्या, रक्ताने थबथबलेल्या माणसाला मात्र उत्तम उपयोगी पडेल. दोघांत निवड करायची तर नाव निराळे हवे. नाव निराळे नसेल तर डॉक्टर मागतो एक आणि हाती पडते दुसरे, आणि दोघांनाही ते कळत नाही.

आणि आता कुडपणच्या वाटेकडे परत येऊ. वितळवून तयार ठेवण्याची ही खटपट कशाला, गरज लागेल तेव्हा वितळवावे, असे म्हणणे सोपे आहे. पण ती वीस-तीस मिनिटे काही रोग्यांजवळ नसतात. अमेरिकेत हेलिकॉप्टरने दूरवरून आणल्या जाणाऱ्या ५०१ गंभीर जखमींवर एक चाचणी झाली आणि २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना वाटेतच वितळलेला रक्तद्रव दिला त्यांच्यातले शेकडा २३ जण तीस दिवसांत दगावले. ज्यांना तो वाटेत मिळाला नाही त्यांच्यातले शेकडा ३३. त्याच वर्षी डेन्व्हर शहरात साध्या रुग्णवाहिकांवर केलेल्या दुसऱ्या चाचणीत मात्र असा फरक दिसला नाही. तेथे रुग्णालय हाकेच्या अंतरावर होते. पुढे दोन्हींचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा जेथे वाटेत वीस मिनिटांहून अधिक वेळ गेला तेथे लाभ दिसून आला. ह्यावरून घाईने सिद्धान्त मांडू नये. परंतु ज्यांच्या गावापासून रुग्णालय वीस मिनिटांवर नाही, त्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

म्हणजे पेढीपुढे पेच असा आहे. आधी वितळवून ठेवावे तर रोगी न आल्यास दात्याचे दान वाया जाते. न वितळवावे तर रोगी आल्यावर वेळ जातो. ह्या पेचातून वाट काढते ती चिठ्ठी. वितळलेल्या पिशवीला तिचे खरे नाव आणि खरा तास दिला, तर ती निर्धास्तपणे काही दिवस तयार ठेवता येते आणि योग्य रोग्याला देता येते. खोटे नाव किंवा कोरा तास असेल, तर एक तर भीतीने फेकून द्यावी लागते किंवा डोळे मिटून द्यावी लागते. दोन्ही वाईट.

चिठ्ठीची मर्यादाही सांगितली पाहिजे. २२ जुलै २०२१ रोजी महाडात महापूर आला आणि त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. अशा दिवसांत वीज जाते, रस्ते तुटतात. समजा, एखाद्या शीतपेटीची वीज गेली, पिशव्या अर्ध्या वितळल्या आणि वीज आल्यावर पुन्हा गोठल्या. वरून त्या जशाच्या तशा दिसतील आणि चिठ्ठी शांतपणे पुढच्या वर्षाची तारीख सांगत राहील. ह्यावर पेढीतल्या जुन्या माणसांची एक साधी युक्ती आहे. पिशवी गोठवताना तिच्याभोवती रबराचा पट्टा बांधतात आणि गोठल्यावर तो काढून घेतात. बर्फात खाच राहते. मध्ये कधी वितळली तर खाच नाहीशी होते. जे चिठ्ठी सांगू शकत नाही ते ही खाच सांगते. ह्याखेरीज शीतपेटीच्या उष्णतामानाची नोंदवही रोज लिहावी लागते. त्या वहीइतकीच चिठ्ठी खरी.

ह्याबरोबर आपल्या कोकणातला एक गैरसमजही दूर करतो. फुरसे चावले की रोग्याचे रक्त साकळत नाही, कारण विषाने साकळवणारे घटक खर्ची पडलेले असतात. म्हणून कोणी ‘लवकर प्लाझ्मा चढवा’ असा धोशा लावतो. पण विष अंगात असेतोवर नवे घटकही तसेच खर्ची पडतात. तेथे पहिले औषध सर्पविषावरची लसच. ह्या लसीच्या कुपीकडे पाहिले तर आपलाच विषय दिसेल. कोरडी भुकटी असते तोवर तिची मुदत वर्षांची. पाण्यात विरघळवली की ती लगेच वापरावी लागते.

शेवटी आपल्या कर्तव्याकडे येतो. आपल्या गावांत पुष्कळदा नातेवाईकच पेढीतून पिशवी आणतो. बर्फाची पेटी मांडीवर, गाडी खड्ड्यांतून धावते आहे, मन रोग्यापाशी. अशा वेळी चार गोष्टी कराव्यात. पेढीच्या खिडकीशी दोन मिनिटे थांबून रोग्याचे नाव, पदार्थाचे नाव, रक्तगट, क्रमांक आणि मुदतीचा तास मोठ्याने वाचावा. तास लिहिलेला नसेल तर न संकोचता विचारावा. वाटेत पिशवी उन्हात ठेवू नये, गरम पाण्यात बुडवू नये, घरच्या बर्फपेटीत तर मुळीच टाकू नये. उशीर झाला, गाडी बंद पडली, पेटीतला बर्फ संपला, तर ते लपवू नये, परिचारिकेला सांगावे. पिशवी वाया जाईल ह्या भीतीने गप्प बसलेला माणूस रोग्याचा घात करतो.

हा रक्तद्रव देणारा कोणी अनोळखी माणूस असतो. आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणे १९९८ पासून बंद झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयाने ते घडले. म्हणजे तो माणूस काही न घेता देऊन गेला. घेणाराही त्याला कधी भेटणार नाही. दोघांच्या मध्ये डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि गाडीवर पेटी धरून बसलेला भाऊ, अशी पाचसात माणसे येतात, आणि ती सर्व मिळून एकाच कागदावर विश्वास ठेवतात. त्या कागदावर नाव खरे असावे आणि तास खरा असावा. आपण पुढच्या वेळी पेढीच्या खिडकीशी उभे राहाल तेव्हा तो तास वाचलात, तर आजची संध्याकाळ वाया गेली नाही असे मी समजेन. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.